आधी मीठ, मग राजा : काल्पनिक जग उभं करायचं तर

काही वर्षांपूर्वी रविवारच्या खेळासाठी मी एक जग तयार केलं होतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण जग सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन 'मी आता असं करतो' म्हणतात, फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते, असा तो खेळ. जग सांगायचं काम माझ्याकडे. तीन महिने राबून मी सात राजघराणी, त्यांच्या वंशावळी, दोन मोठी युद्धं आणि एक शापित तलवार वहीत उतरवली. देश डोंगरातला, समुद्रापासून तुटलेला, शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर. पहिल्याच रविवारी पात्रं एका म्हातारीच्या घरी जेवायला बसली. मी ऐटीत ताटाचं वर्णन केलं : भाकरी, आमटी, कैरीचं लोणचं. समोरच्या मैत्रिणीनं विचारलं, "समुद्र नाही, शेजारी काही विकत नाहीत, मग लोणच्याला मीठ कुठून आलं गं?"

माझ्याकडे सात राजघराणी होती, मीठ नव्हतं.

तेव्हापासून मी जग उलट्या बाजूनं बांधते. राजा सगळ्यात शेवटी. कथा-कादंबरीसाठी असो, टेबलावरच्या खेळासाठी असो की संगणकावरच्या, नव्यानं सुरुवात करणाऱ्याला हाच क्रम सोपा जातो असा माझा अनुभव आहे. तो खाली पायरी-पायरीनं सांगते.

पहिली पायरी : काय नाही, ते ठरवा

नवखा माणूस जग रचायला बसला की काय काय आहे याची यादी करतो. उडती बेटं आहेत, तीन चंद्र आहेत, बोलणारे लांडगे आहेत. यादी वाढते, जग मात्र जागचं हलत नाही. असण्यानं कुणाचं अडत नाही, नसण्यानं अडतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा : या जगात अमुक वस्तू मिळत नाही, किंवा फार कष्टानं मिळते. लाकूड, लोखंड, गोडं पाणी, सपाट जमीन, कागद, शांत झोप, काहीही चालेल. अट एवढीच, की तिची झळ चुलीलाही लागली पाहिजे आणि दरबारालाही. 'जगात एकच जादूचा हिरा उरला आहे' ही टंचाई नव्हे. हिऱ्यावाचून कुणाचा स्वयंपाक अडत नाही.

मी मीठ घेतलं. लोणच्याचं उट्टं काढायचं होतं, शिवाय माझं आजोळ पेणकडचं, मिठागरं लहानपणापासून पाहिलेली. जग दोन तुकड्यांचं केलं : खाली किनाऱ्यालगत खारवट, वर डोंगरापलीकडे माळवट. मीठ पिकतं फक्त खारवटात. मधे चढण्याजोगी एकच वाट, तिचं नाव रांजणखिंड. पुढची सगळी उदाहरणं याच जगातली.

मिठासारख्या किरकोळ वस्तूवर जग कसं उभं राहील, अशी शंका येईल. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडाझुडपांचं जिवंत कुंपण शेकडो मैल वाढवलं आणि राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसं नेमली. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली, कर मात्र राहिला. १९३० मध्ये दांडीला मूठभर मीठ उचललं गेलं, आणि आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला लोक मिठागरांवर चालून गेले. चिमूटभर वस्तूसाठी देशाच्या आरपार काट्यांची भिंत! एखाद्या नवख्यानं गोष्टीत घातली असती तर मीच म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

दुसरी पायरी : वारा, डोंगर, पाणी

नकाशा काढताना हात आधी किनाऱ्याच्या नागमोडी रेघेकडे जातो. थांबा. आधी एक बाण काढा : पावसाळी वारा कुठून येतो. मग त्याला आडवी डोंगराची रांग. वारा ज्या बाजूनं चढतो ती बाजू भिजते, पलीकडची कोरडी राहते. एवढ्या दोन रेघांनी अर्धं जग ठरून जातं.

याचा धडा सातारा जिल्ह्यात मिळतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास. एकाच कलेक्टरच्या हद्दीत दहापट फरक. एकीकडे कपडे वाळत नाहीत, दुसरीकडे छावणीत जनावरं बांधावी लागतात. पाऊस बदलला की पीक बदलतं. भाताची नाचणी होते, ज्वारी होते, बाजरी होते. पीक बदललं की ताट, घराचं छप्पर, लग्नाचा हंगाम, कर्ज फेडायचा महिना, सगळंच बदलतं.

नद्यांच्या बाबतीत नवखे हमखास चुकतात. नद्या उताराकडे जाताना एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. फाटे फुटतात ते मुखाजवळ, गाळाच्या सपाट प्रदेशात. एका तळ्यातून दोन नद्या दोन दिशांना वाहताहेत असं चित्र सहसा खरं नसतं. आणि नदी जवळच्या समुद्राकडे जाईलच असंही नाही. महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, पण कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. कारण सगळं पठार पूर्वेकडे कललेलं. माळवटाची नदीही मी अशीच पाठमोरी केली. त्यानं मोठं काम झालं : माळवटातल्या कुणालाच नदीच्या काठानं चालत मिठापर्यंत पोचता येत नाही. डोंगर चढून-उतरूनच जावं लागतं.

मग दगड. खाली जांभा, वर काळा पाषाण. जांभ्याचा चिरा खाणीतून मऊ निघतो आणि उघड्यावर कडक होत जातो, म्हणून तो तासून तांबडी घरं उभी राहतात. काळ्या पाषाणात लेणी कोरता येतात, किल्ले टिकतात, आणि त्याची झीज होऊन काळी माती होते. हे वाचकाला सांगत बसायचं नाही. तुमचं पात्र घाट चढून वर आलं आणि त्याला पहिल्यांदा काळ्या भिंतीचं घर दिसलं, एवढं पुरे.

कोकणातल्या लोकांकडे किनाऱ्यालगतच्या सखल पट्टीला खलाटी आणि डोंगराकडच्या भागाला वलाटी असे शब्द आहेत. तुमच्या जगातल्या माणसांनीही आपला प्रदेश असाच, पायांनी ओळखलेला असू द्या. 'उत्तर राज्य', 'दक्षिण राज्य' हे नकाशा काढणाऱ्याचे शब्द.

नकाशावर अंतर मात्र किलोमीटरात मांडू नका, मजलीत मांडा. चौकटीच्या वहीचा एक चौकोन म्हणजे एका दिवसाची मजल. लादलेला बैल दिवसाला साधारण पंधरा किलोमीटर जातो, घोडेस्वार दुप्पट-तिप्पट, घाटात दोघंही अडतात. हे एकदा लिहून ठेवलं की 'निरोप किती दिवसांनी पोचला' हा घोळ संपतो. माझ्या पहिल्या जगात एक जासूद एका रात्रीत अख्खा देश ओलांडून आला होता, आणि कुणी हसलंही नाही, इतके सगळे कंटाळले होते.

तिसरी पायरी : पाटीवर हिशोब मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला सगळ्यात जास्त गोष्टी इथंच सापडतात.

माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ धरा. वर्षाचं झालं पावणेदोन किलोच्या थोडं वर, लोणची-पापडांसकट दोन म्हणू. पाचशे वस्तीच्या गावाला हजार किलो. एका बैलाच्या पाठीवर गोणीतून शंभर किलो जातं असं मानलं, तर गावाला वर्षाला दहा बैल मीठ लागलं. माळवटाची राजधानी वीस हजारांची, तिला चाळीस हजार किलो, म्हणजे चारशे बैल. खिंडीपासून राजधानी दहा मजला. जाऊन-येऊन वीस दिवस, भरणं-उतरवणं आणि बैलांची विश्रांती धरून महिना. मीठ पिकतं कोरड्या दिवसांत, घाटवाट चालते तीही तेव्हाच. हंगामात पाच खेपा झाल्या तर ऐंशी बैलांचा तांडा एका शहराला पुरतो.

आकडे कच्चे आहेत, असू देत. त्यांच्या पोटातून काय निघतं बघा. ऐंशी बैल वाटेत चरणार. मार्गशीर्षात कुणी काही म्हणणार नाही, वैशाखात गवत संपलेलं असताना वाटेवरचं प्रत्येक गाव काठ्या घेऊन उभं राहणार. शेवटची खेप मृगाच्या आत वर पोचली नाही, तर चार महिने शहर अळणी. म्हणजे ज्येष्ठातल्या त्या एका खेपेवर राजाची गादी टांगलेली! खलनायक शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. तो त्या शेवटच्या खेपेतल्या दोन गोणी दडवून ठेवणारा किराणा दुकानदार निघाला.

आणखी एक : जनावरांनाही मीठ लागतं. गाईला द्यायचं म्हटलं तर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम, माणसाच्या चार-पाचपट. मग माळवटात गुरांना मीठ कोण देतं? देणाऱ्याची श्रीमंती गोठ्यात दिसणार. कुणाच्या गाई दगड चाटत नाहीत यावरून मुलीचं स्थळ ठरवतात, हा रिवाज मला त्या एका गुणाकारातून मिळाला.

तुमची टंचाई वेगळी असेल, पण प्रश्न हेच : एका माणसाला किती लागतं, एका खेपेत किती येतं, खेपेला किती दिवस, आणि वाट कधी बंद होते.

चौथी पायरी : हक्क कुणाचा, तक्रार कुणाची

आता माणसं. 'उंच, शूर, सोनेरी केसांचे' अशी जमात रचू नका. त्या वस्तूच्या वाटेवर कोण कोण उभं आहे ते खालून वर लिहीत जा. भरतीचं पाणी वाफ्यात घेऊन मीठ पिकवणारा. तांड्याचा नाईक. खिंडीतला जकातदार. वरचा अडत्या. आणि शेवटी, नवऱ्याच्या ताटात चिमूटभर वाढून स्वतः अळणी जेवणारी बाई. प्रत्येकापुढे दोनच वाक्यं : याचा हक्क काय, आणि याची तक्रार काय. पाच माणसांची दहा वाक्यं झाली की कथानक आपोआप कुरकुरायला लागतं.

खऱ्या जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं तर मालमसाला फुकट मिळतो. कल्याणहून जुन्नर-पैठणकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. घाटमाथ्यावर सातवाहनांचं लेणं, त्यात राणी नागनिकेचा शिलालेख, यज्ञांत दान दिलेल्या गाई-हत्ती-नाण्यांचे आकडे दगडात कोरलेले. आणि वाटेकडेला एक दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगितलं जातं. माझी रांजणखिंड तिथूनच आली. फक्त माझ्या रांजणात नाणी पडत नाहीत. नियम असा, की दर गोणीमागे एक ओंजळ मीठ. मग ओंजळ कुणाची? जकातदाराची. म्हणून माळवटाचा राजा जकातदार नेमताना आधी त्याचा पंजा मोजतो, आणि खारवटातले लोक आपल्या थोर हाताच्या पोरांना खिंडीकडे फिरकू देत नाहीत. टेबलावर हे सांगितलं तेव्हा एका खेळाडूनं लगेच स्वतःचा हात पुढे करून विचारलं, "मला नोकरी मिळेल?" त्याचं पात्र पुढे वर्षभर जकातदार होतं.

इथं एक सावधानता. तांड्यांची लदेणी ही आपल्याकडची खरी गोष्ट. बंजारा-लमाण बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरत. रेल्वे आली, तो व्यापार मोडला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पुढे किती तरी भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. त्यामुळे 'ही चोरांची जमात', 'ते सगळे कपटी' असं काल्पनिक जगात सहज लिहून जाताना हात थोडा अडू द्या. चोर असावेत की! पण ते चोर का झाले, हे तुमच्या वहीत तरी हवं.

पाचवी पायरी : जादू, पण किंमत आधी

जादू नसली तरी चालतं. हवीच असेल तर ती टंचाईला बांधा, नाहीतर तीच सगळी टंचाई फुकट भरून काढते. हवेतून पाणी काढणारा मांत्रिक असेल तर दुष्काळाची गोष्ट दुसऱ्या पानावर संपली.

दृष्ट काढताना आपण मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकतो. मी एवढंच केलं : माझ्या जगात मिठाचा उपाय खरोखर लागू पडतो. उंबऱ्यावर मिठाची अखंड रेघ असेल तर रात्री फिरणारं 'वारं' आत येत नाही. नियम तीन. रेघ तुटली की संपलं. एकदा वापरलेलं मीठ पुन्हा चालत नाही, खाताही येत नाही. आणि वारं माणसाला मारत नाही, फक्त त्याची एक आठवण घेऊन जातं.

आता चिमूटभर मीठ आमटीत घालायचं की उंबऱ्यावर, हा प्रश्न घरोघरी रोज संध्याकाळी. शिवाय खडेमीठ पावसाळ्यात पाझरतं, हे डबा उघडून कुणालाही दिसेल. म्हणजे ज्या चार महिन्यांत वाट बंद, त्याच महिन्यांत रेघही टिकत नाही. माळवटात आषाढापासून लोक एकमेकांना आपल्या महत्त्वाच्या आठवणी सांगून ठेवतात, गेली तर परत मागून घेता यावी म्हणून. त्याचा तिथं सण झाला. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. ओलं मीठ आणि बंद घाट शेजारी ठेवल्यावर ते दिसलं.

जादूचे नियम वाचकाला सांगायलाच हवेत असं नाही. तुम्ही मात्र ते मोडू नका.

सहावी पायरी : नावं आणि बोली

मराठीत लिहिणाऱ्यांचा खास आजार म्हणजे संस्कृत नावांचा पूर. अग्निपूर, तिमिरनगरी, वज्रकेतू, रुद्रप्रताप. पाच पानांत वाचकाला ग्लानी येते. दुसरा आजार उलटा : इंग्रजी चवीची, उच्चारताना जीभ अडखळणारी नावं. दोन्हींवर औषध एकच, एस.टी.च्या पाट्या वाचा.

वडगाव, पिंपळगाव, चिंचवड, जांभूळवाडी : झाडं आणि वस्ती. बुद्रुक आणि खुर्द : मूळ फार्सी शब्द, मोठं आणि धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की एक बुद्रुक, एक खुर्द. जुन्नर म्हणजे जीर्णनगर, झिजून झिजून तोंडात बसलेलं. कोकणात 'वली'ची शेपटी दिसते, कणकवली, डोंबिवली. देशावर 'वाडी', 'गाव'. यातून तीन गोष्टी उचला. एका प्रदेशातल्या नावांना एकच शेपटी असू द्या, म्हणजे नाव ऐकताच पात्र कुठलं ते कळेल. नावाला साधं कारण असू द्या. आणि ते थोडं झिजवा. मी खारवटातल्या गावांना 'आगर'ची शेपटी दिली, तोंडात बसता बसता तिचं 'अर' झालं : थोरलं आगर झालं थोरार, तळआगर झालं तळार.

मग बोली. नवी भाषा व्याकरणासकट रचायची हौस असेल तर रचा, पण नवख्यानं तिकडे गेलं की दोन वर्षं परतत नाही. त्यापेक्षा पाच-सहा वाक्प्रचार घडवा. मराठीकडे पाहा : खाल्ल्या मिठाला जागणं, जखमेवर मीठ चोळणं, तिखटमीठ लावून सांगणं. एका वस्तूनं भाषेत केवढी जागा घेतली आहे. माझ्या माळवटात लाचखाऊ माणसाला 'ओंजळ मोठी आहे त्याची' म्हणतात. ज्या घराला कुणी वाली नाही ते 'बिनरेघेचं घर'. व्यापाऱ्यांची सांकेतिक बोली हवी असेल तर आपल्याकडे नंदभाषा होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवताना एक-दोन-तीनऐवजी केवली, अवारू, उधानू म्हणायचं. तोच डाव मी तांड्याला दिला, शब्द मात्र वेगळे.

सातवी पायरी : रात्री झोपायचं कुठं

ही छोटी पायरी आहे, पण परकी सवय इथंच पकडली जाते. प्रवासी संध्याकाळी गावात शिरला की सरळ लाकडी दारूगुत्त्यात जाऊन शेकोटीपाशी बसतो, हे आपण कुठून तरी उचललेलं. दख्खनसारखा देश रचत असाल तर तो देवळाच्या ओवरीत उतरेल, धर्मशाळेत, चावडीवर, नाहीतर लांबच्या आत्याकडे. आत्याकडे उतरला तर जेवण मिळेल आणि चौकश्याही होतील. गोष्टीला दुसरं काय हवं?

ताटातल्या वस्तूही तपासा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज इकडे पोचल्यानंतरचं. हजार वर्षांपूर्वीच्या वळणाचं जग असेल तर तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. तुमचं जग काल्पनिक आहे, त्यात मिरची उगवायला कुणाची बंदी नाही. पण ती ठरवून उगवू द्या, सवयीनं नको.

आठवी पायरी : जुन्या गोष्टी

इतिहास लिहायचा तो शेवटी, आणि थोडका. तोही 'खरं काय घडलं' यापेक्षा 'लोक काय सांगतात' असा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. काळ्या पाषाणात अशनी आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारट-अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. लोक सांगतात, इथं लवणासुर राहत होता, विष्णूनं त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याच तळ्याचं पाणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं.

माझ्या माळवटातही असं एक तळं आहे. खारवटातले म्हणतात ते विषारी आहे. माळवटातले म्हणतात ते राक्षसाच्या घामाचं आहे आणि तिथलं मीठ खाल्लं की राक्षसाचं कर्ज लागतं. तांड्याचे नाईक काहीच म्हणत नाहीत, कारण तळं चालू झालं तर त्यांचा धंदा बसेल. खरं काय ते मी ठरवलेलं आहे, कुणाला सांगितलेलं नाही. एका जागेच्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीमागे कुणाचा तरी फायदा, एवढा इतिहास नवख्याला भरपूर झाला.

नववी पायरी : किती लिहायचं

हे माध्यमावर ठरतं.

कथेसाठी वहीतलं फार तर दहावा हिस्सा पानावर येईल. पात्राला जे रोजचं आहे ते त्यानं समजावून सांगायचं नाही. माळवटातली बाई 'आमच्याकडे मीठ दुर्मीळ आहे' असं कधीच म्हणणार नाही. ती सांडलेला खडा वाकून उचलेल आणि पदराच्या गाठीत बांधेल.

टेबलावरच्या खेळात उलटी तऱ्हा. खेळाडू कुठंही जाऊ शकतात, म्हणून सगळं जग तयार ठेवायचा मोह होतो. पात्रं उभी आहेत तिथून एका मजलीच्या आतलं तेवढं नीट तयार ठेवा, दोन मजलींवरचं एकेका वाक्यात, पलीकडचं फक्त नाव. सोबत सहा अफवांची यादी करा, फासा टाकला की एक निघावी. त्यातल्या दोन खोट्या असू द्या.

संगणकावरच्या खेळात प्रत्येक भिंत कुणीतरी काढावी लागते, म्हणून जग लहान. पहिल्यांदा करत असाल तर ट्वाइन नावाचं मोफत साधन घ्या. फाटे फुटणारी गोष्ट त्यात लिहिता येते, ती ब्राउझरमध्येच चालते, मराठी नीट दिसतं. चित्रं, हालचाल हवी असेल तर गोडो हे मोफत इंजिन आहे. साधन कुठलंही असो, पहिल्याच दिवशी 'क्षितिज', 'कृष्णा', 'दुर्गम', 'तऱ्हा' हे शब्द पडद्यावर टाकून बघा. काही साधनांत जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. सहा महिन्यांनी हे कळणं वाईट. नकाशा आपोआप काढून देणारी साधनंही ब्राउझरमध्ये मोफत मिळतात. माझं त्यांच्याशी जमत नाही. नकाशा इतका भरलेला येतो, की प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. पेन्सिल आणि खोडरबर बरा.

दहावी पायरी : वही दुसऱ्याच्या हातात द्या

सगळं तयार होण्याची वाट बघू नका. टंचाई, दोन रेघांचा नकाशा, एक गुणाकार, पाच माणसं, एवढं झालं की कुणाला तरी एक प्रसंग ऐकवा आणि गप्प बसा. त्यांनी 'छान आहे' म्हटलं तर ते कामाचं नाही. त्यांनी प्रश्न विचारला तर तो शब्दशः वहीत उतरवा, तारखेसकट. लगेच उत्तर देऊ नका, सारवासारव तर अजिबात नको. माझ्या वहीच्या शेवटच्या बारा पानांवर नुसते प्रश्न आहेत आणि जगातला निम्मा भाग त्यांनीच बांधलेला आहे. खारवटात मिठाचे ढीग पावसाआधी गवतानं शाकारतात तेव्हा राखणीला कोण बसतं? जकातदार डावखुरा असला तर? मीठ मोजायचं माप लाकडाचं की मातीचं, आणि मातीचं असेल तर ते मीठ पितं का?

गेल्या मे महिन्यात नऊ वर्षांची भाची सुट्टीला आली होती. तिला मी माळवटाची गोष्ट सांगितली : म्हातारी, उंबऱ्यावरची रेघ, वारं येतं आणि तिच्या मेलेल्या मुलाची आठवण घेऊन जायला बघतं. घरात खडाभर मीठ नाही. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पण ती रडत असेल ना? मग ते पाणी खारट नसतं का? तिनं त्याचीच रेघ काढली तर चालेल?"

प्रश्न उतरवून घेतला आहे. खालची जागा अजून कोरी आहे.